‘बघू’ म्हणणाऱ्यांचा रकाना

रस्ते खात्याच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. तिथे आकडेमामा छत्तीस वर्षं बसले. खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर नकाशा. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसायची. काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. रस्त्यावरून आज काय जातं ते मोजायचं, आणि पंचवीस वर्षांनी काय जाईल ते सांगायचं. मामा म्हणायचे, पहिल्या कामाला डोळे लागतात, दुसऱ्याला छाती लागते.

हे नाव त्यांना त्यांच्या भाचीने दिलं. ती चार वर्षांची असताना तिने आईला विचारलं होतं, मामा काय करतो? आई म्हणाली, “गाड्या मोजतो.” पोरीने थोडा विचार केला आणि विचारलं, “मोजून कुठे ठेवतो?” घरभर हसू झालं, आणि तेव्हापासून ते आकडेमामा झाले. पुढे ऑफिसातही तेच नाव गेलं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे मामा म्हणायला लागले. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला ते म्हणत, “मोजण्यात वेळ गेला.”

जन्म त्यांचा खाडीपलीकडच्या वाळूच्या बेटावरचा. अकरा किलोमीटर लांब, आणि रुंद म्हणाल तर कुठे हजार पावलं, कुठे जेमतेम दोनशे. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये वाळूच्या टेकड्या, सुरूची झाडं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकच कच्चा रस्ता. शहरात यायचं तर दिवसातून चार वेळा बोट. वडील धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडायचे.

बेटावरची शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर बोटीने जावं लागे. मामांना धाडलं. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी ताई मात्र घरी राहिली, कारण वाऱ्यापाण्यात पोरीला रोज बोटीत कुठे बसवायचं! ताई डोक्याने मामांपेक्षा तल्लख होती. त्यांचे पाढे तीच घ्यायची, आणि चुकले की पाठीत धपाटाही तीच घालायची. तिला बेटावरच दिलं. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हात कायम ग्रीसने काळे, स्वभाव लोण्यासारखा. मामांचं या भाऊजींशी छान जमायचं.

ताईचं पहिलं आणि एकुलतं बाळंतपण बोटीत झालं. संध्याकाळी पोटात दुखू लागलं, ओहोटीमुळे बोट गाळात अडकली, आणि खाडीच्या मध्यावर दोन म्हाताऱ्यांनी मिळून पोर सोडवली. ताई ही गोष्ट रंगवून सांगायची. “बाबा धक्क्यावर तिकिटं मोजतायत, आणि उतरताना एक माणूस जास्त! पोरीने आजोबांनाच फसवलं.” ऐकणारे पोट धरून हसायचे. मामा तर दर वेळी नव्याने हसायचे.

मामा पस्तिशीला आले तेव्हा बेटाला पूल बांधायचं ठरलं. पूल किती रुंद करायचा, हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर ज्याच्यावर अवलंबून होतं तो दुसरा प्रश्न असा, की पूल झाल्यावर बेटावर राहायला किती माणसं येतील? दुसरा प्रश्न मामांच्या टेबलावर आला.

त्यांनी वर्षभर मन लावून काम केलं. बोटीतली माणसं मोजली, सायकली मोजल्या, टोपल्या मोजल्या. बेटावरची घरं, विहिरी, मोकळ्या जागा टिपल्या. बेटावर तेव्हा तीन हजार शंभर माणसं होती. मग शहरात सहाशे घरांची दारं ठोठावली आणि प्रत्येकाला विचारलं, पूल झाला तर बेटावर राहायला जाल का? फॉर्मवर तीन रकाने होते. हो, नाही आणि बघू.

‘हो’ थोडे होते, ‘नाही’ त्याहून थोडे. सगळा भरणा ‘बघू’ म्हणणाऱ्यांचा. खात्याची रीत अशी, की ‘बघू’ म्हणणाऱ्यांतले निम्मे येणार असं धरायचं. तसं धरून मामांनी हिशेब मांडला तेव्हा उत्तर आलं एक्केचाळीस हजार.

त्या रविवारी ते नेहमीप्रमाणे ताईकडे जेवायला गेले. जेवण झाल्यावर टेकडीवर जाऊन सुरूखाली बसले. समोर रिकामा किनारा, एक कुत्रा, आणि वाळूवर त्याच्याच पावलांचे ठसे. इथे एक्केचाळीस हजार माणसं! लहानपणी ज्या टेकडीवरून ते आणि ताई घसरत खाली यायचे, तिथे इमारत उभी राहणार, आणि ती उभी करणारा आकडा आपणच लिहिणार. त्यांना वाटलं, दार लहान ठेवलं तर आत येणारेही बेताने येतील.

सोमवारी सकाळी त्यांनी ‘बघू’ म्हणणारे सगळेच्या सगळे ‘नाही’मध्ये टाकले. उत्तर आलं सतरा हजार. नव्या कागदावर सुंदर अक्षरात सगळं उतरवून काढलं आणि जुना कागद फाडला.

मोठे साहेब तेव्हा उतारवयाचे होते, माणूस सज्जन. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला. “फक्त सतरा? मला वाटलं होतं तिसाच्या पुढे जाईल.”

“लोकांना शहर सुटत नाही, साहेब.”

“तू तिथलाच. तुला जास्त कळतं.” साहेब थोडा वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिले. “असं करू या का? वर रस्ता दोनपदरीच बांधू, पण खाली खांब चौपदरीचे घालून ठेवू. पुढेमागे लागलं तर नुसता वरचा भाग रुंद करता येईल. काय म्हणतोस?”

मामांना आत कुठेतरी वाटलं, हो म्हणावं. पण खांब तयार दिसले की कुणाला तरी वर रस्ता रुंद करायची घाई होणारच, असा विचार त्यांनी केला.

“नाही लागणार, साहेब,” ते म्हणाले.

“तुझ्या आकड्यावर मी डोळे मिटून सही करतो, बघ,” असं म्हणून साहेबांनी सही केली.

पूल झाला. दोनपदरी, नाजूक, खाडीवर काढलेल्या रेघेसारखा. उद्घाटनाच्या दिवशी बेटावरचं झाडून सगळं माणूस त्यावरून चालत शहरात आलं आणि चालत परत गेलं. ताई भाचीचा हात धरून सर्वांत पुढे होती.

आणि मग ‘बघू’ म्हणणारे आले. आधी एकेक, मग दहा-दहा, मग बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक. त्यांना पुलाची रुंदी कोण सांगणार? जागा मोकळी होती, वारा छान होता, घरं शहरापेक्षा स्वस्त होती. नवव्या वर्षी बेटाने सतरा हजारांचा आकडा ओलांडला. मामांनी स्वतःच मोजणी केली होती, त्यामुळे ही बातमी त्यांना सर्वांत आधी कळली. त्या दिवशी ते डबा न उघडता घरी गेले. टेकड्या सपाट झाल्या, सुरू तुटले, इमारती आल्याच. ज्यासाठी एवढं केलं त्यातलं काही म्हणता काही वाचलं नाही. फरक एवढाच, की एवढी माणसं आता एका चिंचोळ्या पुलावरून जाऊ-येऊ लागली. सकाळी आठ वाजता पुलाच्या तोंडाशी लागलेली रांग दवाखान्याच्या चौकापर्यंत जायची. शाळेच्या बसमध्ये पोरं गृहपाठ पुरा करायची. नोकरी लागल्यावर दोन वर्षं भाचीनेही ते सोसलं, आणि मग लांबच्या शहरात बदली मागून निघून गेली.

भाऊजींची मूत्रपिंडं निकामी झाली ती त्याच सुमाराला. रक्त शुद्ध करून घ्यायला दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरातल्या इस्पितळात जावं लागे. उपचाराला चार तास, आणि पुलावर जायला-यायला मिळून तीन. मामा रजा काढून मंगळवारी सोबत जायचे. टॅक्सीच्या मागच्या सीटवर भाऊजी डोळे मिटून बसायचे, मध्येच एखाद्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून म्हणायचे, “तिसरा सिलिंडर गेलाय याचा.” तक्रार एकदाही केली नाही. एकदा फक्त खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पाहुणे, हा पूल बांधणाऱ्याने कधी इंजिन बंद करून यावर बसून बघायला हवं होतं.”

मामांना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तेवढ्यात पुढची गाडी हलली.

भाऊजी दोन वर्षांनी गेले. घरीच, झोपेत. म्हणजे पुलाने त्यांचा जीव घेतला असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतले किती तास त्या पुलावर गेले, हे मामांनी एकदा मनातल्या मनात मांडायला घेतलं आणि गुणाकार अर्ध्यावर सोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

मामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा मोठ्या वादळाचा इशारा आला. दुपारी बेट रिकामं करायचा हुकूम सुटला. मामांना पुलाच्या शहराकडच्या टोकाला मोजणीवर उभं केलं होतं. अडतीस हजार माणसं दोन पदरांवर! संध्याकाळपर्यंत निम्मीही शहरात आली नव्हती. वारा वाढत होता, गाड्यांच्या काचांआड पोरं रडत होती, आणि ताईची टॅक्सी कितव्या रांगेत आहे ते मामांना ठाऊक नव्हतं. सहा तासांनी ती आली. काच खाली करून म्हणाली, “अरे, तू जेवलास का?” वादळ ऐन वेळी दुसरीकडे वळलं, कुणाला काही झालं नाही. पण वरपर्यंत सगळ्यांचे धाबे दणाणले, आणि महिन्याच्या आत दुसऱ्या पुलाला मंजुरी आली.

आता मोठ्या साहेबांच्या खुर्चीत एक मॅडम होत्या. कामाला वाघ, बोलायला सरळ. त्यांनी नव्या पुलाचा नकाशा मामांच्या टेबलावर पसरला.

“जुना पूल रुंद करता येत नाही, मामा. खांब पेलणार नाहीत. दक्षिणेला खोल पाणी आहे, तिथून जहाजं जातात. उत्तरेला शाळा आणि नवा दवाखाना. मध्ये एवढीच पट्टी उरते.” त्यांनी बोट टेकवलं. “बेटाकडच्या जोडरस्त्यात बारा घरं जातायत. वाईट वाटतं. त्या वेळी निदान खांब चौपदरीचे घातले असते ना, तर एकही घर गेलं नसतं. कुणी काढला होता तो आकडा कोण जाणे.”

“मी काढला होता,” मामा म्हणाले.

मॅडम ओशाळल्या. “तसं नाही हो मामा. पंचवीस वर्षांपुढचं कुणाला दिसतं? सगळ्यांचेच आकडे चुकतात.”

माझा चुकला नव्हता, हे मामांच्या ओठांवर आलं, पण त्यांनी नकाशा जवळ ओढला आणि जोडरस्त्यातली घरं मोजली. बारा घरांतलं सातवं घर ताईचं होतं.

चार दिवस ते मॅडमच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले. रेघ इकडे सरकवून बघ, तिकडे वाकवून बघ. इकडे सरकवली तर दवाखान्याची भिंत जाई, तिकडे वाकवली तर गाड्यांना वळण झेपत नसे. पाचव्या दिवशी त्यांनी नकाशाची घडी घातली आणि सरकारी नोटीस पोचण्याआधी बेटावर गेले.

ताई पडवीत बसून उशीच्या अभ्र्याला दुमड घालत होती. भिंतीवरच्या फळीवर भाऊजींचे नट आवळायचे पाने अजून मापाप्रमाणे टांगलेले होते.

“ताई, घर जाणार आहे.”

“कुणाचं?”

“तुझं.” त्यांनी नकाशा तिच्या मांडीवर उलगडला.

ताईने चष्मा लावला. खाडी ओळखली, शाळा ओळखली, मग आपल्या घरावर बोट ठेवलं. “ही रेघ तू ओढलीस?”

“ही नाही. पण जिच्यामुळे ही ओढावी लागली, ती माझीच.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. एक्केचाळीस हजार, सतरा हजार, फाडलेला कागद, खांबांबद्दल साहेबांनी विचारलेलं, आपण नाही म्हटलेलं. सांगताना ते फरशीकडे बघत होते.

ताईने दुमड शेवटपर्यंत नेली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. “म्हणजे ‘बघू’ म्हणणारे तू सगळे सोडून दिलेस.”

“हो.”

“आणि मी काय म्हटलं असतं, ते विचारलंस का?”

“फॉर्म शहरातल्या लोकांसाठी होता, ताई. बेटावरच्यांना विचारायचं नव्हतं.”

“फॉर्म घाल चुलीत. दर रविवारी माझ्या हातचं जेवत होतास. तेव्हा विचारलंस?”

“मला वाटलं, बेट आहे तसंच राहावं असं तुलाही वाटतं.”

“तुला कोण म्हणालं?” ताईचा आवाज चढला नव्हता, ती खरोखरच विचारत होती. “मला माणसं हवी होती रे, धाकट्या. शाळा हवी होती, दवाखाना हवा होता, बोलायला दोन नवी तोंडं हवी होती. तू रविवारी यायचास, सुरूखाली पाय पसरायचास, म्हणायचास किती शांत आहे गं इथे. आणि संध्याकाळच्या बोटीने जायचास परत. उरलेले सहा दिवस त्या शांततेत मी राहत होते.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले नाही? बोटीतल्या बाळंतपणाची गोष्ट किती वेळा सांगितली तुला?”

“ती तू हसत सांगायचीस.”

“मग काय रडत सांगू? बाबा समोर बसलेले असायचे. त्या दिवशी अर्धा तास पोर रडली नव्हती. मी मेलेली पोर मांडीवर घेऊन बसलेय असंच समजत होते.” तिने अभ्रा घडी करून बाजूला ठेवला. “तू प्रत्येक वेळी हसलास.”

मामांची नजर फळीवर टांगलेल्या पान्यांकडे गेली. मग मामा म्हणाले, “भाऊजींचे मंगळवार...”

ताईने हात वर केला. “ते नको.” आणि उठून आत गेली. चहाचं भांडं स्टोव्हवर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने त्यांच्या हातात कप दिला, स्वतः घेतला आणि घर कधी रिकामं करावं लागेल, भांडी कशात भरायची, भाऊजींची हत्यारं कुणाला द्यायची, एवढंच बोलत राहिली.

ती रागावली असती तर मामांना सोसलं असतं. दार लावून घेतलं असतं, चार माणसांत पाणउतारा केला असता, तर त्यांनी तो मुकाट्याने गिळला असता. ताईने त्यातलं काहीच केलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. घर पाडायच्या वेळी भाची आली, तिने मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं तुम्ही आईजवळ होतात.” तिला काही ठाऊक नाही, हे मामांच्या तेव्हा ध्यानात आलं. ताईकडे त्यांनी पाहिलं. ती पेटीला दोरी बांधत होती, तिने मान वर केली नाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मामांनी एक टिपण लिहिलं. आकडा चुकला नव्हता, मी तो जाणूनबुजून कमी लिहिला, अशा सरळ शब्दांत. खाली सही, तारीख. मॅडमनी ते उभ्या-उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

“हे फाइलला लावून कुणाचं घर वाचणार आहे, मामा?”

“कुणाचंच नाही.”

“मग?”

“खरं आहे म्हणून लावा.”

मॅडमनी टाचणी घेतली आणि लावलं. “लावलं,” त्या म्हणाल्या, “पण वाचणार कोणी नाही.” तसंच झालं. निरोप समारंभात मामांच्या अचूकपणाचं तोंड भरून कौतुक झालं, आणि त्यांना मान खाली घालून ते ऐकावं लागलं.

ताई भाचीकडे राहायला गेली. रेल्वेने दीड दिवसाचा रस्ता. दर रविवारी अकरा वाजता ती फोन करते. तिथल्या बागेत ओळखी झाल्यात, वाचनालय लावलंय, समोरच्या बाईंकडून संगणक शिकतेय. खुशीत असते. बोलणं घराकडे वळलंच तर ती दुसरं काहीतरी काढते. मामाही मग गुडघेदुखीचं सांगतात.

दुसरा पूल तीन वर्षांनी सुरू झाला. पहिल्या दिवशी मामा गेले नाहीत. दोन आठवडे गेले, मग एका सकाळी त्यांनी स्कूटर काढली. चार पदर, मधून कठडा, रस्ता रेशमासारखा. ऐन आठ वाजता खाडी ओलांडायला चार मिनिटं लागली. शाळेच्या दोन बस शेजारून निघून गेल्या, खिडक्यांत पोरं एकमेकांच्या टोप्या ओढत होती.

उतार संपला तसा त्यांनी वेग कमी केला. शाळेच्या कुंपणापासून ते मनात घरं मोजू लागले. पाच, सहा, सात. तिथे पदर आखणारी पांढरी पट्टी होती, बाकी काही नाही. त्यांना क्षणभर थांबायचं होतं. पण मागून हॉर्न वाजला, थांबायला जागा नव्हती, आणि कठड्यामुळे मागेही वळता येईना. मागे वळायची पहिली जागा साडेतीन किलोमीटरवर होती. मामा डाव्या पदरात सरकले आणि इमारतींमधून तेवढं अंतर पुढे जात राहिले.